आधी नळ, मग मलम

पत्र

डॉक्टर, नमस्कार. पंधरा दिवसांपूर्वी पत्र्याचा डबा उघडताना झाकणाची कड उजव्या तर्जनीला लागली, अगदी नखाच्या मुळाशी. जेमतेम तांबूस रेघ उमटावी एवढी चीर. ओट्यावरच्या फडक्याला बोट पुसलं आणि कामाला लागले. तिसऱ्या रात्री बोट असं ठणकायला लागलं की डोळ्याला डोळा लागेना. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला, गोळ्या दिल्या. आता बरं आहे, पण बोट अजून पूर्ण वाकत नाही.

त्याच आठवड्यात आमचा ८ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडून गुडघा सोलवटून घरी आला आणि घरात वादाला तोंड फुटलं. मिस्टर म्हणाले, "उघडी ठेव, वारं लागलं की सुकते. एवढ्याशाचा बाऊ करू नकोस." मी आधीच धास्तावलेली. दोन प्रकारची अँटिसेप्टिक ओतली, वर पावडर भुरभुरली. पोरगं रडून बेजार झालं. सासऱ्यांना मधुमेह आहे. ते घरात अनवाणी वावरतात आणि पायाला काही लागलं तरी सांगत नाहीत. तर नेमकं करायचं काय? जखम झाकायची की उघडी ठेवायची? धनुर्वाताचं इंजेक्शन दरवेळी घ्यायचं का? आणि मुळात एवढ्याशा चिरेत पू झालाच कसा?

— बोटाला वैतागलेली एक वाचक

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

तुम्हाला झालं त्याला आपल्याकडे नखुरडं म्हणतात. ते बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जंतूमुळे होतं. हा जंतू कुठून बाहेरून चालून येतो असं नाही. साधारण तीनातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, तिथून बोटांवर येतो, आणि कातडी अखंड आहे तोवर कुणाचं काही बिघडवत नाही. तुमच्या झाकणाने त्याला दार उघडून दिलं. खरं सांगायचं तर झाकणापेक्षा मला त्या फडक्याचा जास्त संशय येतो. दिवसभर ओलं राहणारं, दहा ठिकाणी फिरलेलं फडकं म्हणजे घरातल्या सर्वांत जंतूंनी भरलेल्या वस्तूंपैकी एक असतं आणि ताज्या जखमेवर आपला हात नेमका त्याच्याकडेच जातो.

दुसरी गोष्ट जागेची. बोटाच्या टोकाशी कातडीखाली मोकळी जागा नाही. आतल्या चरबीचे घट्ट पडद्यांनी लहान लहान कप्पे केलेले असतात. मांडीवर सूज आली तर तिला पसरायला वाव असतो. बोटाच्या टोकाला तो नसतो, म्हणून थोड्याशा पुवानेही दाब वाढतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ठसठस जाणवते. रात्रीची झोप उडवणारा ठणका बोटात सुरू झाला, तर आत पू धरला आहे असं समजूनच सकाळी दवाखाना गाठावा. तुम्ही आणखी एक दिवस अंगावर काढलात. पुढच्या वेळी काढू नका.

आता जखमेच्या आकाराबद्दल. जखम लहान म्हणजे धोका लहान, असं आपण सगळेच धरून चालतो. पण संसर्ग होणार की नाही हे लांबी-रुंदीपेक्षा आत काय राहिलंय यावर जास्त ठरतं. १९५७ साली एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. आज कोणती नीतिसमिती त्याला परवानगी देईल अशी शंका आहे. त्यांनी स्वयंसेवकांच्या कातडीत हेच स्टॅफिलोकॉकस मोजून टोचले. नुसते जंतू टोचले तेव्हा पू होण्यासाठी ते लाखांच्या घरात लागले. पण कातडीत रेशमाचा टाक्याचा धागा ठेवून जंतू टोचले, तेव्हा शेकड्यांतच भागलं. जंतू तेच, माणसं तीच, फरक फक्त आत राहिलेल्या धाग्याचा. शरीराच्या पांढऱ्या पेशी सुटे जंतू सहज गिळतात, पण परक्या वस्तूच्या आडोशाला बसलेल्यांपर्यंत त्यांचे हात पोचत नाहीत.

जखमेबद्दलचा माझा सगळा सल्ला या प्रयोगाभोवतीच फिरतो. वाळूचा कण, कपड्याचा तंतू, काट्याचं टोक, गंजाचा कपचा, मेलेल्या कातडीचा लोंबता तुकडा, हे बाहेर काढणं हेच खरं औषध. ते जितक्या लवकर कराल तितकं बरं, कारण पोषक वातावरण मिळालं की जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात, आणि एकदा चिकटून थर करून बसले की मग पाण्याने निघत नाहीत. सकाळी लागलेल्या जखमेची धूळ रात्री झोपताना काढू, हा हिशेब इथे चालत नाही.

तर काही लागलं की आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. दुसऱ्याची जखम हाताळताय तर हातमोजे असले तर घालावेत. बोटाला लागलं असेल तर अंगठी लगेच उतरवून ठेवा. सूज चढली की ती निघत नाही आणि मग कापावी लागते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ, कोरड्या कापडाने किंवा गॉझने दाबून धरा आणि हात किंवा पाय थोडा उंच ठेवा. दाबायचं म्हणजे सलग दाबायचं, घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं. दर मिनिटाला उचलून "थांबलं का?" बघण्याची सवय बहुतेकांना असते. त्याने नुकतीच धरलेली गुठळी निघून येते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवा. बारीक चिरेतून थोडं रक्त आलं तर घाबरू नका, तेवढ्याने आतली घाण बाहेर यायला मदतच होते.

रक्त थांबलं की नळ. पिण्याजोगं पाणी असेल तर तेच वापरा, सलाइनच्या बाटलीसाठी थांबू नका. स्वच्छ नळाचं पाणी आणि सलाइन यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत, त्यांत नळाच्या पाण्याने संसर्ग वाढलेला दिसला नाही. पाण्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेलं घ्यावं. धार जखमेवर तिरकी पडू द्या, जखमेच्या कडा हलकेच फाकवा आणि ५ ते १० मिनिटं धुवा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात लोक बोट अर्धं मिनिट नळाखाली धरतात आणि धुतलं म्हणतात. धारेला थोडा जोर हवा. नळ नसेल तर प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत पाणी भरून कोपऱ्याला बारीक भोक पाडा आणि पिशवी दाबा, चांगली पिचकारी होते. साबण जखमेच्या भोवतीच्या कातडीला लावा, आत चोळू नका. तिथे तो चुरचुरतो आणि फायदा काही देत नाही.

तुमच्या मुलाच्या गुडघ्यासारखं सोलवटलेलं असेल तर नुसत्या धारेने भागत नाही. रस्त्याची बारीक खडी कातडीत रुतून बसते. स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने दिसतील तेवढे कण काढा, उरलेल्यांसाठी ओल्या मऊ गॉझने हलकेच, एकाच दिशेने पुसा. पोर ओरडेल. त्याला आधीच सांगा की दुखणार आहे आणि धुण्याआधी वयाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही. पण धूळ तशीच राहिली तर संसर्गाखेरीज आणखी एक होतं: कातडी वरून भरून येते आणि खाली काळपट-निळा डाग कायमचा गोंदल्यासारखा राहतो. घरी निघत नाहीये असं दिसलं की दवाखान्यात जा, तिथे जागा बधिर करून साफ करता येते. रुतलेली काच किंवा खोल गेलेली वस्तू मात्र घरी ओढायची नाही.

आता तुमच्या दोन बाटल्या. मुलगा रडला त्यात त्याची काही चूक नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं तेव्हा साफसफाई चालली आहे असं डोळ्यांना वाटतं, पण ते आणि स्पिरिट दोन्ही जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या आपल्या पेशीही मारतात. नितळ पाण्यात पांढरी होणारी ती घरगुती जंतुनाशकं तीव्र स्वरूपात जखमेत ओतली तर कातडी पोळते.

ही शंका आजची नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या बुलोन शहरातल्या लष्करी प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग हेच बघत होते. पेनिसिलिनवाले फ्लेमिंग, पण पेनिसिलिनच्या आधीचे. सैनिकांच्या जखमांत जंतुनाशकं सढळ हाताने ओतली जात आणि तरीही त्या चिघळत. फ्लेमिंग यांनी काचेची परीक्षानळी तापवून तिला आतून बाहेर निघालेली पोकळ टोकं काढली, गोळीने फाटलेल्या मांसात असतात तशा खाचा. त्या नळीत जंतूंनी दूषित केलेला द्रव भरला, ओतून टाकला, मग नळी जंतुनाशकाने काठोकाठ भरून ठेवली. जंतुनाशक काढून पुन्हा निर्जंतुक द्रव भरला की काही तासांत तो पहिल्यासारखाच नासायचा. टोकांत दडलेल्या जंतूंना औषध शिवलेलंच नव्हतं. शिवाय जखमेतल्या पांढऱ्या पेशी मात्र त्या औषधाने मरत होत्या. धुण्याला पर्याय नाही हे त्या नळीने दाखवून दिलं, तरी आपण अजून बाटलीवर जास्त विश्वास ठेवतो, कारण बाटली झोंबते. झोंबतं म्हणजे काम करतंय, असा आपला समज असतो.

पोव्हिडोन आयोडीन घरात असेल तर मातीने माखलेल्या जखमेत, धुऊन झाल्यावर, एकदा लावायला हरकत नाही. रोज रोज नको. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि तान्ह्या बाळांसाठी डॉक्टरांना विचारूनच. पावडर मला अजिबात आवडत नाही. ती रसाबरोबर मिसळून कडक पापुद्रा करते, त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि तो काढताना जखम पुन्हा उचकटते. राख, टूथपेस्ट, स्वयंपाकघरातली कुठली पूड, हे सगळं त्याच कारणासाठी नको: जी परकी वस्तू आपण आत्ताच दहा मिनिटं खपून बाहेर काढली, तीच पुन्हा आत भरायची. आणि खाजेसाठी आणलेली स्टेरॉइडची मिश्र क्रीम जखमेवर लावणारे लोक मी नेहमी बघतो. त्या क्रीमने लाली तात्पुरती उतरते, सगळं छान वाटतं, आणि खाली संसर्ग निवांत पसरतो.

मग लावायचं काय? साधी पेट्रोलियम जेली, पातळ थर. तिच्या डब्यात बोटं बुडवत बसू नका, ट्यूब असेल तर उत्तम. अँटिबायोटिक मलमाशिवाय कसं, असं तुम्ही विचाराल. १९९६ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९००हून अधिक रुग्णांपैकी काहींना बॅसिट्रासिन हे अँटिबायोटिक मलम आणि काहींना नुसती पांढरी पेट्रोलियम जेली लावायला दिली. संसर्गाच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, उलट मलमवाल्यांपैकी काहींना त्याची ॲलर्जी आली. त्या जखमा स्वच्छ केलेल्या होत्या हे ध्यानात ठेवा. तुमची तशी करणं हे नळाचं काम. निओमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या मलमाची ॲलर्जी तर बरीच आढळते. जखमेभोवती खाज सुटून बारीक पुरळ उठलं की लोक संसर्ग समजतात आणि तेच मलम आणखी जाड थापतात.

झाकायचं की उघडं, यात मी तुमच्या मिस्टरांच्या विरुद्ध पक्षात आहे. वाऱ्याने जखम सुकते हे त्यांचं निरीक्षण बरोबर, पण सुकणं आणि भरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा चिकटवला. पडद्याखालच्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने पसरली. कारण सोपं आहे. नव्या पेशी कडेकडून सरपटत मध्यभागी येतात आणि त्यांना ओलसर पृष्ठभाग लागतो. उघड्या जखमेवर खपली धरली की त्यांना त्या कडक खपलीच्या खालून वाट कोरत जावं लागतं, म्हणून वेळ लागतो आणि वणही ठळक राहतो. तेव्हा जेली, वर न चिकटणारं पॅड किंवा चिकटपट्टी, आणि ती रोज एकदा बदलायची. मधे ओली किंवा मळकी झाली तर तेव्हाच. नखाने ओरखडा उठला, रक्तही नीट आलं नाही, अशा जखमेला धुऊन तसंच सोडलं तरी चालतं. तिथे मिस्टरांना जिंकू द्या.

पट्टी बोटाला गोल आवळून गुंडाळू नका. सूज आली की तीच फास होते. बोटाचं टोक पांढरट किंवा जांभळट दिसलं, मुंग्या आल्या, तर लगेच सैल करा. आणि पॅड चिकटलं असेल तर ओढू नका, पाण्याने पुरतं भिजवा, पाच मिनिटांनी आपोआप सुटतं. कापूस थेट जखमेवर कधीच ठेवू नये, त्याचे तंतू आत राहतात आणि एलेक-कोनेनचा धागा आपणच आत घालतो.

रोज पट्टी बदलता तेव्हा जखमेकडे बघा. बघायचं काय, ते नीट सांगतो, कारण इथे बरेच जण एक तर उगाच घाबरतात, नाही तर नको तेव्हा निर्धास्त राहतात. पहिले दोन दिवस कडेला थोडी लाली, थोडी सूज, हात लावल्यावर दुखणं, पातळ पिवळसर पाणी येणं, हे सगळं व्हायलाच हवं. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. दोन दिवसांनंतर हे रोज थोडं थोडं उतरलं पाहिजे. चढत असेल तर गडबड आहे. दुखणं वाढतंय, घट्ट पिवळा-हिरवा पू येतोय, वास येतोय, भोवतीची कातडी गरम आणि ताठ लागतेय, अशा वेळी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा आणि वेळ लिहा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, ती जांभळट किंवा नुसती गडद वाटते, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची ऊब ताडून बघा. दुसऱ्या बाजूचा तोच भाग तुलनेला असतोच.

हातावरून किंवा पायावरून वर चढणारी लाल रेघ, काखेत दुखरी गाठ, जांघेत अवधाण, थंडी वाजून ताप, यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी निघा. जखम दिसते त्यापेक्षा फारच जास्त दुखत असेल तर तेही तातडीचंच लक्षण आहे. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या दोन अँटिबायोटिक गोळ्या खाऊन बघू, हे नको. त्या या जंतूसाठी असतीलच असं नाही, आणि दोन गोळ्यांनी पू बरा होत नाही. साठलेला पू बाहेरच काढावा लागतो, हे तुमच्या बोटाने तुम्हाला दाखवलंच आहे.

"एवढ्याशाचा बाऊ" या वाक्यावरही थोडं बोलायला हवं. बहुतांश लहान जखमा आपोआप भरतात हे खरं. पण संसर्ग एकदा हाताबाहेर गेला की काय होत असे, हे विसरण्याइतके आपण अँटिबायोटिकांमुळे निर्धास्त झालो आहोत. इंग्लंडमधले अल्बर्ट अलेक्झांडर हे पोलीस शिपाई. चेहऱ्याला झालेली जखम चिघळली. ती गुलाबाच्या काट्याने झाली असं सर्रास सांगतात, बॉम्बहल्ल्यात झाली असंही म्हणतात. स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस दोन्ही पसरले, डोक्यावर गळवं झाली, एक डोळा काढावा लागला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांना पेनिसिलिन सुरू केलं आणि काही दिवसांत ते झपाट्याने सुधारले. मग औषधाचा साठाच संपला. त्यांच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून पुन्हा टोचण्यापर्यंत डॉक्टरांनी प्रयत्न केले. १५ मार्चला ते गेले. मिस्टरांना घाबरवायला हे सांगत नाही. दहा मिनिटं नळाशी उभं राहण्याला कुणी बाऊ म्हटलं, तर म्हणू द्या, एवढंच.

काही जखमा मात्र धुऊन थेट दवाखान्यातच न्यायच्या. कडा फाकलेल्या, आतली पिवळी चरबी दिसणाऱ्या, सांध्यावरच्या, चेहऱ्यावरच्या, किंवा पंधरा मिनिटं दाबूनही रक्त न थांबणाऱ्या. टाके घालायचे तर शक्यतो ६ ते ८ तासांच्या आत गेलेलं बरं, चेहऱ्याला थोडा जास्त वेळ मिळतो. हाताला कापलं असेल तर प्रत्येक बोट सुटं सुटं वाकवून आणि ताठ करून बघा, आणि जखमेपुढच्या भागाला स्पर्श कळतो का ते तपासा. बोट वाकत नसेल तर स्नायूची दोरी तुटलेली असू शकते, बधिर वाटत असेल तर नस. वरून जखम अर्ध्या इंचाचीही नसते आणि आत हे झालेलं असतं.

खिळा, सुई, काटा खोल घुसला तर तोंड बारीक असतं, धुतलेलं पाणी तळाशी पोचत नाही आणि वरून दोन दिवसांत बुजूनही जातं. रबरी तळाच्या पादत्राणातून खिळा पायात घुसला असेल तर विशेष जपा. तळव्याच्या अशा जखमांतून स्युडोमोनास नावाचा जंतू हाडापर्यंत गेलेला आढळतो, आणि दुखणं थांबून आठवड्याभराने पुन्हा सुरू होतं. प्राणी चावला किंवा त्याच्या नखाने रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. इथे वाट बघण्याला जागाच नाही, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय उरत नाही. मांजराचा चावा सुईसारखा बारीक दिसतो म्हणून लोक सोडून देतात, आणि हातावरचे चावे पुवाने भरण्यात तोच पुढे असतो.

धनुर्वात. गंजाचा आणि त्याचा थेट संबंध नाही. धनुर्वाताच्या जंतूचे, क्लॉस्ट्रिडियम टेटानीचे, बीजाणू मातीत आणि शेणात असतात, आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते रुजतात. गंजका खिळा बहुधा मातीत पडलेला असतो म्हणून त्याचं नाव झालं. चकचकीत नवा खिळा मातीतून उचललेला असेल तर तोही तितकाच वाईट. इंजेक्शन दरवेळी लागत नाही. लशीचे मूळ तीन डोस पूर्ण झालेले असतील तर स्वच्छ, लहान जखमेला शेवटचा डोस १० वर्षांच्या आत झाला असला की पुरे. जखम मातीची, शेणाची, खोल, चिरडलेली किंवा चाव्याची असेल तर ही मुदत ५ वर्षांची धरतात. मूळ डोसच झाले नसतील किंवा आठवत नसतील आणि जखम घाणेरडी असेल, तर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकतं. आजार उमटायला साधारण ३ ते २१ दिवस लागतात, म्हणून लागल्याच्या क्षणी धावाधाव नको, पण एक-दोन दिवसांत जाऊन यावं. मुलाची लसीकरणाची नोंद काढून बघा. वेळापत्रकाप्रमाणे सगळे डोस झाले असतील तर त्या गुडघ्यासाठी नव्याने टोचण्याची गरज पडणार नाही. तुमची स्वतःची तारीख मात्र तुम्हाला आठवत नसणार. मोठ्या माणसांना ती बहुतेक आठवतच नाही. पुढच्या भेटीत विचारून घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

सासऱ्यांची मला तुमच्या बोटापेक्षा जास्त काळजी वाटते. ते सांगत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. शक्यता अशी आहे की त्यांना कळतच नाही. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात, खडा बोचला, कातडी पोळली, भोवरी फुटली तरी जाणीव होत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असतो आणि साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. म्हणून "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा त्यांचा निकष पायाला लावू नका. त्यांना घरातही बंद पादत्राणं वापरायला सांगा. ऐकत नसतील तर त्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावा, सुनेचं ऐकलं नाही तरी डॉक्टरांचं ऐकतात. रोज रात्री पाय बघायचे: तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. मोजे पांढरे घ्या, रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. पादत्राण घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा असतो कधी कधी. गरम पाण्यात पाय शेकायचे नाहीत, भोवरी ब्लेडने कापायची नाही, भोवरी जाळणारी औषधं लावायची नाहीत. आणि त्यांच्या पायाला कितीही किरकोळ जखम झाली तरी धुवा, झाका आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. तुमच्यासाठी सांगितलेला दोन दिवसांचा वाट बघण्याचा नियम त्यांना लागू नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या, केमोथेरपी किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांनाही तो लागू नाही.

घरात ठेवायच्या वस्तूंची यादी मोठी नाही: गॉझ, न चिकटणारी पॅडं, कागदी चिकटपट्टी, दोन आकारांच्या पट्ट्या, चिमटा, कात्री, जेलीची ट्यूब, हातमोज्यांच्या दोन जोड्या. एका डब्यात, सगळ्यांना सापडेल अशा जागी. ओट्यावरच्या फडक्याच्या आधी हात तिथे पोचला म्हणजे झालं.

राहिलं तुमचं बोट. पू निघाल्यावर दोन आठवडे थोडा ताठरपणा राहू शकतो. कोमट पाण्यात बोट बुडवून दिवसातून तीन-चार वेळा टोकाचा सांधा आणि मधला सांधा वेगवेगळे हलकेच वाकवत जा, दुखेल तिथे थांबा. नखाच्या कडेची कातडी दाताने किंवा नेलकटरने काढू नका, आणि महिनाभर भांडी घासताना हातमोजे घाला. आठवड्याभरात वाकणं सुधारलं नाही, बोट सगळीकडून सारखं सुजलेलं दिसलं, किंवा दुसऱ्याने सरळ करायला गेल्यावर कळ आली, तर ज्यांनी चिरा दिला त्यांच्याकडे परत जा आणि संसर्ग स्नायूच्या दोरीपर्यंत किंवा हाडापर्यंत गेलेला नाही ना, हे स्पष्ट विचारा. गरज वाटली तर ते एक्स-रे काढतील. गोळ्यांचा कोर्स मधेच सोडला असेल तर तेही त्यांना सांगा, लपवू नका.